विहिरीपर्यंतची हद्द

नवी वस्ती, वावाउ बेट
३ एप्रिल

आदरणीय आत्या,

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. समुद्राखालची तार फेब्रुवारीत तुटली ती अजून जोडलेली नाही. पोस्टात एक उपग्रहाचा फोन आहे, पण तो फक्त आजारपण आणि मरण यांच्यासाठी. कोण मेलं ते सांगितल्याशिवाय पोस्टमास्तर त्याला हात लावू देत नाही. म्हणून गुरुवारच्या विमानानं हा कागद पाठवते आहे.

मी काम करते त्या वस्तीच्या संघाचा सर्व्हर सुरू होत नाही. बटण दाबलं की पंखे असे ओरडतात की शेजारची डुकरं पळून जाऊन कुंपणाला धडकतात. मग आवाज उतरतो, समोर एक नारिंगी दिवा लागतो आणि स्क्रीन काळीच राहते. दहा दिवस हेच चाललंय. राजधानीत यातलं कळणारा एकच माणूस आहे, आणि तो तार जोडणाऱ्या जहाजावर गेलाय. तुम्ही ब्रिस्बेनमध्ये सव्वीस वर्षं असलीच यंत्रं उठवत होतात, म्हणून तुम्हाला त्रास देते.

तुम्हाला माहीत आहेच, पण लिहिते. आपल्या जुन्या बेटावर, मोतुफोनुवर, लाट येऊन गेली त्याला चार वर्षं झाली. एकसष्ट घरांनी आपापल्या जमिनीच्या हद्दी सांगितल्या आहेत, कुठल्या झाडापासून कुठल्या दगडापर्यंत, आणि त्या सगळ्या या यंत्रात आहेत. लाटेनं कागद नेले, तेव्हा संघानं ठरवलं होतं की आता कागदावर भरवसा नाही, माणसाचा आवाज आणि चेहराच साठवायचा. सांगणाऱ्यांपैकी एकोणीस जण त्यानंतर गेले. बाबा त्यातलेच. दुसरी प्रत तारेवरून न्यूझीलंडला जायची, पण तिथली ती संस्था गेल्या वर्षीच बंद पडली, आणि हे आम्हाला आत्ता कळतंय.

२७ जूनला सरकारची जमीन समिती बसणार आहे. ज्याची हद्द सिद्ध होईल त्याला तितकीच जमीन या बेटावर मिळेल. बाकीचे या पत्र्याच्या खोल्यांतच राहतील.

काय करू ते सांगा.

तुमची भाची
लूसेआने


वुडरिज, ब्रिस्बेन
११ एप्रिल

लूसेआने,

आदरणीय म्हणे. मी काय चौकातला पुतळा आहे? तुझ्या बापानंही मला जन्मभर असंच अदबीनं वागवलं. मी खोलीत आले की हा बाहेर. बहीण आली की भावानं उठायचं, हे त्यानं इतकं पाळलं की त्याचा चेहरा मला पाठमोराच जास्त आठवतो.

आता काम. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार आहे हा, पण हाकू. आधी वीज बंद कर. मागं दोन वायरी असतील, दोन्ही काढ. मग बटण वीस आकडे मोजेपर्यंत दाबून धर, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. त्यानंतर एकच वायर लाव आणि सुरू कर. नाही झालं, तर ती काढून दुसरी लाव. कधीकधी वीज देणारा एक डबा मेलेला असतो आणि दुसऱ्यालाही सुखानं जगू देत नाही. घरोघरी असतो तसा एक.

त्यानंही झालं नाही तर वरचं झाकण उघड. केस बांध, हात धू, कोरडे कर. मेमरीच्या पट्ट्या उभ्या रांगेत दिसतील. सगळ्या काढ. त्यांची सोनेरी कड पेन्सिलच्या खोडरबरानं पूस. समुद्रकाठी मीठ बसतं. मग एकच पट्टी लावून सुरू कर, बघ, बंद कर, दुसरी लाव. एकीला नापास केलंस की बाकीच्या बोलायला लागतील. शाळेतही असंच असतं.

समोरच्या डिस्कना मात्र हात लावू नकोस. कुणी लावला होता का? खरं सांग. कुणी ओढून बाहेर काढल्या होत्या का? मी रागावणार नाही. खरं तर रागावेन, पण सांग.

तुझ्या आईला सांग, नाताळात पाठवलेली चटई मिळाली. एका कोपऱ्यात वीण सुटलेली आहे. वहिनीचा हात पहिल्यापासून घाईचा.

आत्या


नवी वस्ती
२२ एप्रिल

आदरणीय आत्या,

तुम्ही देवमाणूस आहात.

वायरींनी काही झालं नाही. मग झाकण उघडलं. पट्ट्यांच्या कडेवर पांढरा थर बसला होता, जिभेला लावला तर खारट. सोळा पट्ट्या शनिवारी सकाळपासून पुसत बसले. कचेरीत माझ्याबरोबर काम करणारी कालोलाइने शेजारी बसून वही धरत होती, कुठली पट्टी कुठल्या खाचेतली ते लिहायला. अकरावी पट्टी लावली की स्क्रीन काळी, काढली की उजेड. ती बाजूला ठेवली आणि यंत्र बोललं, आत्या! त्याच्या नावाची अक्षरं आली, वय आलं, मेमरी मोजली. कालोलाइने रडायलाच लागली.

पण पुढं गेलं नाही. एक सूचना येऊन थांबलं. डिस्कची परकी मांडणी सापडली आहे, ती स्वीकारायची की पुसायची, असं विचारतंय. यादी बघायची असली तर आणखी एक बटण आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी ते दाबलं नाही. तोवर शनिवारची संध्याकाळ झाली होती. रविवारी काम करणं शक्यच नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे, रविवारी इथं कपडे दोरीवर दिसले तरी लोक बोलतात.

प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाबांनी आजारी माणसांच्या यादीत सर्व्हरचं नाव घेतलं. हसू नका. कुणी हसलं नाही. तालिआइ म्हाताऱ्याची विधवा सगळ्यांत मोठ्यांदा आमेन म्हणाली. तिला दर महिन्याला येऊन त्याची फीत बघायची सवय आहे. तो हद्द सांगता सांगता मध्येच तिच्यावर ओरडतो, 'तू गप्प बस, तुला काय ठाऊक,' आणि तेवढ्यासाठी ती येते.

डिस्कना कुणी हात लावला नव्हता.

आई तुम्हाला नमस्कार सांगते. चटईबद्दल तिला वाईट वाटलं, ती दुसरी विणते आहे.

तुमची
लूसेआने


वुडरिज
१ मे

लूसेआने,

शाबास. माझ्या हाताखाली पदवीवाली पोरं होती, त्यांनी पहिल्याच दिवशी अख्खं यंत्र फेकून नवं मागवा म्हणून सांगितलं असतं. तुझं लग्न होईल तेव्हा मी आत्याच्या मानाच्या पहिल्या चटईवर बसून हीच गोष्ट सांगणार आहे. आधी लग्न तर कर.

आता परक्या मांडणीचं. डिस्कना कुणी हात लावला नाही म्हणतेस, म्हणजे उत्तर सरळ आहे. तुमचं यंत्र दानात आलेलं, तेव्हा तूच कळवलं होतंस. खाचा आठ. तुमचा माल सहा डिस्कवर, आणि शेवटच्या दोन जुन्या मालकाच्या, राखीव म्हणून राहिलेल्या. त्यांच्यावर त्याच्या घरचा कचरा असणार. इतके दिवस तो यंत्राला दिसला नाही, आता मेमरी काढघाल केल्यावर दिसला. असं होतं.

यादी उघड. त्यात दोन दिसतील. 'पूस' म्हण. मग ते विचारेल, या डिस्क नव्यानं आखू का. 'हो' म्हण. पूर्ण आखणी निवड, अर्धवट नको. काही तास लागतील. शंभर टक्के झालं की यंत्र बंद करून सुरू कर, तुमची सहा डिस्कची गाडी आपोआप चालू लागेल.

हे मी आयुष्यात दोनशे वेळा केलंय. तेव्हा उगाच विचार करत बसू नकोस. सांगते तसं कर.

आत्या


नवी वस्ती
१३ मे

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही सांगितलं तसं केलं. तुमच्या कृपेनं यंत्र सुरू आहे, पंख्यांचा आवाजही कमी झालाय.

या वर्षी यामचे कंद चांगले आले आहेत. पाऊस वेळेवर झाला. आईनं चटई अर्धी विणली, या वेळी वीण घट्ट आहे, मी स्वतः ओढून पाहिली. पाद्रीबाबांच्या मुलीचं लग्न ठरलं. तार जोडणारं जहाज दुरुस्तीला परत गेलं.

तब्येत सांभाळा.

लूसेआने


वुडरिज
२३ मे

लूसेआने,

यामवर दोन ओळी, चटईवर दोन ओळी, पाद्रीच्या पोरीवर एक. ज्या यंत्रासाठी अख्ख्या देवळानं आमेन म्हटलं, त्याच्यावर दीड. आणि तालिआइची विधवा येऊन शिव्या ऐकून गेली की नाही, ते नाहीच.

मी मशीनच्या खोल्यांत म्हातारी झाले आहे. ग्राहक फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणाला की मी गाडी काढायचे.

एकच प्रश्न विचारते. यादीत किती डिस्क होत्या?

आत्या


नवी वस्ती
३ जून

आत्या,

सहा.

मी तुमच्याशी खोटं बोलले. दोनदा. पहिल्यांदा बोलले नसते तर दुसऱ्यांदा बोलायची वेळ आली नसती.

मार्चच्या शेवटी समितीची माणसं पाहणीला येणार होती. आदल्या शनिवारी देवळातल्या बायकांनी कचेरी झाडायला घेतली आणि आई सगळ्यांत पुढं. यंत्र चालू होतं. पुढचे कप्पे तिला ड्रॉवरसारखे वाटले. तिनं दांड्या धरून एकेक ओढला, ओल्या फडक्यानं आतली धूळ पुसली, आणि जिथला तिथं नीट लावला. सहा. शेवटचे दोन घट्ट होते म्हणून ते राहिले. संध्याकाळी ती मला कौतुकानं सांगत होती, तुमच्या मशीनच्या पोटात किती घाण होती गं. सोमवारी मी गेले तेव्हा स्क्रीन गोठलेली होती. मी बंद करून सुरू करायला गेले, तर काळी.

हे तुम्हाला लिहिलं असतं, तर तुम्ही आईला मरेपर्यंत ऐकवलं असतं. तुमच्यासमोर ती आधीच मान खाली घालून असते. म्हणून लिहिलं नाही.

पण तेवढंच कारण नाही, आत्या. यादी उघडली तेव्हा मी बोटानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. सहा होत्या. तुमचं पत्र कीबोर्डशेजारी पसरलेलं होतं आणि त्यात तुमच्या अक्षरात 'दोन' लिहिलं होतं. कालोलाइने म्हणाली, 'अगं, या तर सहा दिसतात.' मी तिला म्हणाले, 'गप्प बस, आत्यांनी लिहिलंय.' मला वाटलं, आत्या दोन म्हणतात म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार. खरं सांगायचं तर तसं वाटलंही नाही. तसं वाटून घेतलं.

थांबायचं होतं. पुढच्या विमानानं तुम्हाला विचारायचं होतं, की तुम्ही म्हणता दोन आणि इथं दिसतात सहा, मग कुणाचं खरं? मी असं पत्र लिहायलाही बसले होते. 'तुमची चूक' या शब्दांशिवाय ते लिहिता येईना. आठवीत असताना तुम्ही सुट्टीला आला होतात आणि म्हणालात, या पोरीचे केस फार लांब झालेत. आईनं त्याच संध्याकाळी ते कापले. आजी रडली, मी रडले, पण का म्हणून कुणी विचारलं नाही. आत्याला का म्हणून विचारायचं नसतं. मी एकतीस वर्षांची झाले तरी माझ्या हातांना ते येत नाही.

सकाळी नऊला 'हो' म्हटलं. दुपारी चारला शंभर टक्के झालं. यंत्र सुरू झालं, फार छान सुरू झालं. आत काही नव्हतं.

बेचाळीस जिवंत माणसांच्या हद्दी आम्ही पुन्हा घेतोय, वहीत, कागदावर. आज एकोणचाळीस झाल्या. एकोणीस राहिल्या. त्या कोण सांगणार?

तालिआइच्या विधवेला अजून सांगितलेलं नाही. ती आली की मी यंत्र आजारी आहे म्हणते. काल ती त्याच्यासाठी लू घेऊन आली होती, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून केलेला, केळीच्या पानात बांधून. यंत्रासाठी, आत्या. मी तो घेतला आणि घरी जाऊन खाल्ला.

आईला काही माहीत नाही. ती विचारते, माझ्यामुळं का गं? मी नाही म्हणते.

लूसेआने


वुडरिज
९ जून

लूसेआने,

तुझं पत्र वाचून मी आधी वहिनीला शिव्या दिल्या. मोठ्यांदा, रिकाम्या घरात. तुझ्या बापानं तिला पसंत केली तेव्हाच मी म्हणाले होते, हिच्या हाताला थांबणं माहीत नाही. तासभर तेच चाललं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि शिव्या संपल्या.

चालू यंत्रातून डिस्क ओढल्या की यंत्र त्यांना परक्या समजतं. हे मला झोपेतही ठाऊक आहे. तू खरं सांगितलं असतंस तर मी 'स्वीकार' लिहिलं असतं. एक शब्द. सगळे होते तसे बोलायला लागले असते. आणि तू खोटं बोललीस तरी मी लिहायला हवं होतं की दोनाच्या जागी वेगळा आकडा दिसला तर थांब. नव्या पोराला मी ते दहा वेळा बजावायचे. तुला नाही बजावलं, कारण मला वाटलं, आपली भाची आहे, सांगू तसं करेल. तेच केलंस.

केसांचं मला आठवतही नाही.

पूर्ण आखणी शंभर टक्के झाली असेल तर जगात कुणालाही त्यातून काही परत आणता येत नाही. तरी मी तीन जुन्या सोबत्यांना फोन केले. तिघांनी तेच सांगितलं. एकानं विचारलं, आत काय होतं? मी म्हणाले, माणसं.

आता ऐक. अजून वेळ आहे. त्या एकोणीस जणांच्या समोर तूच बसली होतीस. ते बोलले ते तू ऐकलंयस. वही घे आणि आठवून लिही. दोन वर्षांपूर्वीची तारीख घाल. खाली अंगठा कुणाचाही चालेल, समितीकडे मेलेल्यांचे ठसे नाहीत. एखादं पाऊल इकडंतिकडं झालं तर मेलेले भांडायला येत नाहीत. एकोणीस घरांच्या पोरांना पत्र्याखाली मरू द्यायचं का? पाप असेल तर ते माझ्या डोक्यावर, मी म्हातारी आहे.

हे मी तुला सांगते आहे. आत्या म्हणून सांगते आहे.

आत्या


नवी वस्ती
१४ जून

आत्या,

नाही.

हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. पहिला कागद फाडला, कारण त्यात 'क्षमा करा' तीनदा आलं होतं.

मी त्यांच्या समोर बसले होते, हे खरं. पण ऐकत नव्हते. मी लाल दिव्याकडे बघत होते, चालू आहे ना, आवाज येतोय ना. यंत्र ऐकतंय म्हटल्यावर मी ऐकलंच नाही. तालिआइचं मला आठवतं, विलायती फणसापासून काळ्या दगडापर्यंत, आणि पुढं बेचाळीस पावलं की सत्तेचाळीस? बेचाळीस लिहिली तर त्याच्या पोरांची पाच पावलं जातात. सत्तेचाळीस लिहिली तर शेजारच्या हाफोकांची जातात, आणि हाफोकाही त्या एकोणिसातलेच. दोघं जिवंत असताना त्या पाच पावलांवरून चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी कोण ते ठरवणारी?

बाबांचंही मला आठवत नाही. ते बोलत होते तेव्हा मला रडू येत होतं, त्यांचा श्वास लागत होता म्हणून. आकडे यंत्रात जातायत, नंतर ऐकू, असं म्हटलं. त्यांचीही हद्द मी लिहिणार नाही.

एकदा समोर सहा दिसत असताना दोन आहेत असं समजून मी 'हो' म्हटलं. पुन्हा म्हणणार नाही. तुम्ही शाप दिलात तर तो लागेल, हे मला ठाऊक आहे. तरी नाही.

काल तालिआइच्या विधवेला सांगितलं. आईलाही सांगितलं, दोघींना एकत्रच. आई अर्धी विणलेली चटई उसवायला बसली. म्हातारीनं यंत्रावरून हात फिरवला. मग म्हणाली, 'म्हणजे आता मला गप्प बस म्हणणारं कुणी नाही.' आणि उठून गेली.

समितीसमोर मी खरं सांगणार आहे. एकोणीस नावं वाचून दाखवणार, आणि प्रत्येकापुढं, हे माझ्या हातून गेलं, असं म्हणणार. संघाचे अध्यक्ष म्हणतात, यंत्र जळालं म्हण, सोपं पडेल. त्यांनाही मी नाही म्हणाले. एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा थोडं सोपं जातं.

तुम्हाला काही सांगायचं असेल तर इथं येऊन स्वतःच्या नावानं सांगा. तुम्ही मोतुफोनुवर एकोणीस वर्षं राहिलात. जेवढं स्वतः पाहिलंत तेवढं.

तुमची भाची
लूसेआने


विमानतळ, ब्रिस्बेन
२१ जून

लूसेआने,

हे पत्र राजधानीमार्गे वावाउला येणाऱ्या एका ओळखीच्या बाईच्या हाती देते आहे, ती ते उद्या तुझ्याकडे पोचवेल. मला आजच्या विमानात जागा मिळाली नाही. मी मंगळवारी निघते, बुधवारी पोचेन. माझ्या आधी माझं म्हणणं तुला कळलेलं बरं. समोरासमोर मला ते सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

चौसष्ट वर्षांत मला आपल्या घरात कुणी नाही म्हणालं नव्हतं. माझ्या भावांनी नाही, त्यांच्या बायकांनी नाही, पोरांनी नाही. लग्नात उत्तम चटई माझी, मयताला उत्तम डुक्कर माझं. तो शब्द वाचून मला राग यायला हवा होता. मी खुर्चीत बसले आणि विचार करू लागले, आणखी किती वेळा कुणाला सहा दिसत होत्या आणि मी दोन म्हणाले म्हणून त्यांनी दोन म्हटलं. त्या हिशेबाला शेवट नाही.

शाप देणार नाही. तो विचारही मनात आला नाही, एवढं खरं मान.

तुझं पत्र आल्यापासून मी डोळे मिटून मोतुफोनुवर चालते आहे. आमच्या फाटकातून निघते. डावीकडं पाद्रीचं जुनं घर, त्याच्या कोपऱ्याला चुन्याचा दगड. तिथून देवळाची घंटा. घंटेपासून आजीच्या काकाची जागा, तिची हद्द केवड्याच्या ओळीवरून जाते. मग विहीर. इथवर मला पावलं पाठ आहेत, रोज दोन बादल्या घेऊन चालत होते. अशी चार घरं होतात. चारांची हद्द मी देवाच्या पुस्तकावर हात ठेवून सांगेन.

विहिरीच्या पुढं मला काही दिसत नाही. फार जोर लावला, दिसत नाही, कारण मी तिथं कधी गेलेच नाही. पलीकडं गावातल्या पोरांच्या झोपायच्या झोपड्या होत्या, भावांच्या. बहिणींनी त्या बाजूला पाऊल टाकायचं नसतं. मान होता ना आम्हाला. मानानंच विहिरीच्या अलीकडं ठेवलेलं.

तालिआइची जमीन पलीकडं. हाफोकांची पलीकडं. तुझ्या बापाची पलीकडं. पंधरा घरं.

समिती विचारेल, तुमच्या सख्ख्या भावाची जमीन कुठं होती? माझ्या वयाच्या बाईनं, माझ्या हुद्द्याच्या आत्यानं बोट दाखवलं, तर ते लिहून घेतील. कुणी मोजायला जाणार नाही. त्या बेटावर मोजायला काही उरलेलंही नाही. हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहून देते, म्हणजे ऐन वेळी मी डगमगले तर तू हा कागद माझ्यासमोर धर.

पुढच्या मानाच्या चटईवर मला बसवू नकोस. वहिनीशेजारी बसेन. तिनं उसवलेली चटई तशीच ठेवायला सांग, मी आले की दोघी मिळून बघू.

तू माझ्याजवळ वही घेऊन बस. विहिरीपर्यंत मी सांगते ते लिही. त्यापुढं ते विचारतील तेव्हा पंधरा वेळा मी एकच उत्तर देईन, मला माहीत नाही. तेही लिही. तुझ्या बापाच्या नावापुढंही तेच लिही.

आत्या